जुन्या खेळयंत्रांचे जतन : मूळ, दुरुस्त आणि बदललेले

क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीने दि. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम या आपल्या खेळयंत्राची दुरुस्ती करून देणे थांबविले. कारण साधेच होते : सुटे भाग उरले नव्हते. उत्पादन तर त्याआधी चार वर्षे, सप्टेंबर २००३ मध्येच बंद झाले होते. १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेल्या वस्तूची जबाबदारी निर्मात्याने चोवीस वर्षे वाहिली, हे कौतुकास्पदच म्हणावे लागेल. मात्र त्या दिवसापासून या यंत्राच्या देखभालीचा भार संपूर्णपणे हौशी संग्राहकांवर आणि कारागिरांवर येऊन पडला.

व्हिडिओ गेम हा मुलांचा, त्यातही वेळ दवडणाऱ्या मुलांचा विषय, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असेल. माझीही होती. गेल्या दिवाळीत आमच्या इंदूरच्या घराचा माळा आवरताना १९९० च्या दशकातील एक पिवळटलेले यंत्र, दोन ‘रिमोट’ आणि सहा-सात ‘कॅसेटी’ असलेला पुठ्ठ्याचा खोका हाती लागला. तो भंगारात द्यावा की ठेवावा, या प्रश्नातून हा लेख लिहिला गेला.

प्रथम मूळ यंत्राविषयी. फॅमिकॉमची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झाली. पुढे हेच उएमुरा क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात खेळांच्या अभ्यासाचे प्राध्यापक झाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्राची किंमत १४,८०० येन होती. त्याच्या रिमोटवरील अधिक चिन्हाच्या आकाराची कळ गुनपेई योकोई यांच्या कल्पनेतून १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या हातात धरून खेळावयाच्या छोट्या यंत्रासाठी आली होती. जुन्या, स्वस्त आणि सर्वांना ठाऊक झालेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, हे योकोई यांचे सूत्र होते. या कळेखाली रबराची एक टोपी असते, तिच्या तळाशी कार्बनची टिकली. कळ दाबली की टिकली तांब्याच्या रेषांना टेकते आणि विद्युतमार्ग पूर्ण होतो. रचना इतकी साधी असल्यामुळेच आज चाळीस वर्षांनंतरही ती घरच्या टेबलावर दुरुस्त करता येते.

दुरुस्तीचा इतिहास यंत्राच्या जन्मापासूनच सुरू होतो, हे विशेष. पहिल्या तुकड्यांतील यंत्रे एका सदोष चिपमुळे मध्येच थांबू लागली, तेव्हा कंपनीने ती परत घेऊन त्यांतील मुख्य पट्टी बदलून दिली. आरंभीच्या रिमोटवरील चौकोनी रबरी बटणे दाबली की अडकून बसत. त्यांची जागा गोल, कठीण प्लॅस्टिकच्या बटणांनी घेतली. आज चौकोनी बटणांचे यंत्र संग्राहक अधिक आवडीने शोधतात. जो दोष म्हणून काढून टाकला, तोच पुढे दुर्मिळतेची खूण ठरला!

१९८५ साली अमेरिकेत आलेल्या आवृत्तीची कथा याहून बोधप्रद आहे. तेथे कार्ट्रिज समोरून आत सरकवून खाली दाबण्याची योजना होती आणि बहात्तर टाचण्यांचा जोड वापरला होता. कालांतराने तो सैल पडे. शिवाय परवानगीविना बनविलेली कार्ट्रिजे चालू नयेत म्हणून एक पहारेकरी चिप बसविली होती. जोड नीट बसला नाही की कार्ट्रिजमधील चिपशी तिचा संवाद तुटे. मग ती यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करी आणि लाल दिवा लुकलुकत राही. मुले कार्ट्रिज काढून त्यात फुंकर मारीत. वस्तुतः फायदा होई तो कार्ट्रिज पुन्हा बसविल्याचा. फुंकरीतील ओलाव्याने उलट धातू गंजे. पुढे हौशी कारागिरांनी त्या चिपची चौथी टाचणी कापून पहारेकऱ्याला निष्प्रभ केले. यंत्र सुधारले, पण ते ‘मूळ’ राहिले काय? संग्राहकांतील वाद येथूनच सुरू होतो.

काळाचे इतर घावही आहेत. बाह्य कवचाच्या प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळलेली असत. अतिनील किरणांनी व उष्णतेने ते पिवळे पडते. २००८ च्या सुमारास हायड्रोजन पेरॉक्साइडने हा पिवळेपणा घालविण्याची युक्ती प्रसृत झाली, परंतु पुढे तो पुन्हा परततो असा अनुभव आहे. १९८६ मध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या डिस्क-जोडणीतील रबरी पट्टा कालांतराने चिकट लगद्यासारखा होतो. १९९० च्या सेगा गेम गियर यंत्रातील कंडेन्सर पाझरतात आणि त्यांतील द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. येथे कंडेन्सर बदलणे ही हौस राहत नाही. न बदलल्यास यंत्रच नष्ट होते.

आता आमच्या माळ्यावरील खोक्याकडे वळू. ते यंत्र निन्टेन्डोचे नव्हतेच. १९९१ नंतरच्या खुल्या झालेल्या बाजारात आपल्याकडील असंख्य घरांत जी यंत्रे आली, ती फॅमिकॉमच्या नकला होत्या. जपानी फॅमिकॉममध्ये पहारेकरी चिप नसल्यामुळे साठ टाचण्यांचे कोणतेही कार्ट्रिज त्यात चाले, आणि त्यामुळे नक्कल करणेही सोपे झाले. तैवानच्या यूएमसी कंपनीने तर मूळ चिपसारख्या चालणाऱ्या स्वतःच्या चिप बनविल्या. त्यांतील एक प्रकार खास पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीसाठी होता. जपानमध्ये पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा उमटे, पाल पद्धतीत पन्नास वेळा. खेळाची व संगीताची लय या गणतीवर बांधलेली असल्यामुळे अशा यंत्रावर ती एक षष्ठांशाने संथ होई. पण मुख्य चिपचा वेग जवळपास मूळचाच ठेवलेला असल्याने स्वर मात्र बहुतांशी तेच राहत. संगीताच्या भाषेत सांगावयाचे तर पट्टी तीच, लय विलंबित.

माझा पुतण्या अशा यंत्रांचा जाणकार आहे. त्याने सुचविले, ‘‘काका, कवच तेवढे ठेवू या. आत नवी पट्टी बसवली की चित्र स्वच्छ दिसेल आणि वेगही बरोबर येईल.’’ मी यंत्र चालू करावयास सांगितले. जुन्या टीव्हीवर ती धून वाजली, तेव्हा शेजारच्या खोलीतून माझी मुलगी धावत आली. तिला ती पहिल्या चार स्वरांतच ओळखू आली. जपानी मुलांनी ऐकलेली धून ही नव्हेच. तिच्या बालपणाची धून हीच, संथ. तिला ‘बरोबर’ करणे म्हणजे तिच्या स्मृतीतील पाठ बदलणे होय.

मग दुरुस्ती करूच नये काय? तसेही नाही. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा बदलतात, घोडीची जवारी पुन्हा लावतात. त्यामुळे तंबोरा परका होत नाही, उलट पुन्हा बोलू लागतो. पण भोपळा तोच ठेवून आत ध्वनिवर्धक बसविला, तर ते वाद्य निराळे. खेळयंत्रांनाही हाच दंडक लावावा असे मला वाटते. जे झिजण्यासाठीच असते, म्हणजे रबर, कंडेन्सर, तारा, ते अवश्य बदलावे. जे बदल करावयाचे ते शक्यतो पुन्हा पूर्ववत करता येतील असे असावेत. काढलेला भाग फेकू नये. आणि काय केव्हा बदलले याची चिठ्ठी यंत्रासोबत ठेवावी.

मूळ यंत्राची काळजी वाहणारे जगभर पुष्कळ आहेत. नकलांना मात्र कोणी वाली नाही. उत्तरोत्तर स्वस्त होत गेलेल्या अनेक नकलांमध्ये चिप काळ्या राळेच्या थेंबाखाली थेट पट्टीवरच चिकटविलेली असते. ती गेली की यंत्र गेले. ज्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्यांनी आपल्या गल्लीबोळांत ही यंत्रे जिवंत ठेवली, त्यांच्या वह्या कोणी जपलेल्या नाहीत. परमुलखात दोन-तीनशे वर्षे राहिलेल्या आपल्या घराण्यांनी मोडी कागद आणि देवघरातील टाक सांभाळले, कारण ते वडीलधाऱ्यांचे होते. मुलांच्या वस्तू सांभाळण्याची रीत आपल्यात नाही. परंतु १९९० च्या दशकातील मूल आज चाळिशीला पोहोचले आहे; उद्या तेच घरातील वडीलधारे असेल.

आमचा खोका आता माळ्यावरून खाली आला आहे. रिमोटची रबरे आणि दोन कंडेन्सर बदलले, बाकी सर्व तसेच आहे. आत एक चिठ्ठी आहे, तीवर तारीख आणि पुतण्याची सही. वाचकांच्या घरी असा खोका असेल, तर भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी घरातील मुलांना, म्हणजे आता मोठ्या झालेल्या मुलांना, एकवार विचारावे, एवढीच विनंती.