सत्तांची स्पर्धा आणि आपले शिपाई

वाचकहो, गंगापूर रोडपासून देवळालीची छावणी फार दूर नाही. पण महायुद्धे कशी पेटतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१९१४ चे महायुद्ध साराजेव्होतील एका खुनाने सुरू झाले, असे आपण शिकतो. वास्तविक दारूगोळा आधीच साचला होता. १८९८ पासून जर्मनीने आरमार वाढविले. १९०६ साली इंग्लंडने ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका पाण्यात सोडली. प्रत्येकजण भीतीपोटी शस्त्रे जमवी आणि त्यामुळे दुसऱ्याची भीती वाढे. तहांच्या साखळीने दोघांचे भांडण सर्वांचे झाले. तुर्कस्तान जर्मनीला मिळाला, तेव्हा इराणचे तेल राखण्यासाठी इंग्रजांनी हिंदी फौज इराकात धाडली.

तिच्यात मराठा पलटणी होत्या. तैग्रिसकाठी कुत येथे त्या १४७ दिवस वेढ्यात उपाशी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. या पलटणींत दख्खनी मुसलमान शिपाईही होते, आणि समोर खलिफाचे सैन्य होते! त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल?

विद्यार्थी मित्रांनो, स्पर्धा लंडन-बर्लिनची होती. प्राण आपल्या खेड्यांतील तरुणांचे गेले. म्हणून इतिहासात केवळ सनावळी पाठ करू नका. परस्परांच्या भीतीला वेळीच आवर का घातला गेला नाही, हे शोधा.