पिंपरीचं पेनिसिलिन, पवईच्या पेशी

आजचा एपिसोड माझ्या मावशीमुळे. तिला ल्युपस आहे. म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. गेली अनेक वर्षं स्टेरॉइड चालू आहेत. परवा तिनं विचारलं, "कॅन्सरची नवी ट्रीटमेंट ल्युपसवर चालते म्हणे. खरं का रे?" बीटेक झालेल्याला सगळं कळतं असं आमच्या घरी मानतात! मग बसलो वाचायला.

गोष्ट १९८९ ची. इस्रायलमध्ये झेलिग एशहार यांच्या टीमनं टी पेशींना नवा रिसेप्टर जोडला. रिसेप्टर म्हणजे शत्रू ओळखायचा डोळा. पुढे यातूनच कार-टी आली : रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांत नवं जीन घालायचं आणि परत सोडायच्या.

२०१२ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला ल्युकेमियासाठी ही थेरपी दिली. पेशी इतक्या खवळल्या की ती मरणाच्या दारात पोहोचली. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे त्यावरचं टोसिलिझुमॅब त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि एमिली वाचली. म्हणजे बघा, ऑटोइम्यून आजाराच्या औषधानं कॅन्सरची थेरपी तारली.

ते ऋण फिटलं २०२१ मध्ये. जर्मनीतल्या एर्लांगेनला गेऑर्ग शेट यांच्या टीमनं ल्युपस झालेल्या २० वर्षांच्या मुलीला कार-टी दिली. चुकीच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर सीडी१९ नावाची खूण असते. ती पकडून टी पेशींनी सगळ्या बी पेशी साफ केल्या. काही महिन्यांनी नव्या बी पेशी आल्या, पण जुनी खोड न घेता. फोन फॅक्टरी रीसेट केल्यासारखं! २०२४ मध्ये १५ रुग्णांचे निकाल आले. त्यातले ल्युपसचे आठही जण रेमिशनमध्ये, आणि पंधराही जणांची इम्युनिटी दाबणारी औषधं बंद.

आणि आपल्याकडे? ४ जून २०२१ ला खारघरच्या टाटा अ‍ॅक्ट्रेकमध्ये भारतातली पहिली कार-टी दिली गेली. आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवार यांच्या टीमनं घडवलेली. तिचं नेक्सकार१९ झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. निशाणा तोच, सीडी१९. खर्च परदेशाच्या साधारण एक दशांश. तरी लाखांतच.

हे ऐकून मला आपली एचए कंपनी आठवली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती बाहेरून आणावं लागणारं पेनिसिलिन इथंच बनवायला. औषधाचा शोध लागणं ही अर्धीच गोष्ट. ते आपल्या माणसाच्या हातात पडणं ही उरलेली अर्धी.

मावशीला खरं तेच सांगितलं. नेक्सकार१९ ची मंजुरी रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, ल्युपससाठी नाही. पंधरा रुग्ण म्हणजे आशा, खात्री नव्हे. "तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नकोस," म्हटलं.

ती म्हणाली, "तू बातमीवर लक्ष ठेव. गोळ्यांचं मी बघते."

ठेवतोय. भेटू पुढच्या एपिसोडला!