इमारतींचे संगणकीय औष्णिक विश्लेषण
इमारतीतील उष्णतावहन, तापमान व रहिवाशांची औष्णिक सुखदता यांचे संगणक-प्रणालीद्वारे पूर्वानुमान करण्याची पद्धती.

उगम : अमेरिकेतील ब्लास्ट व डीओई–२ या प्रणालींच्या आधारे एनर्जीप्लस ही प्रणाली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. डॅनिश अभियंते पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेली सुखदतेची −३ (थंड) ते +३ (उष्ण) ही मापश्रेणी अशा प्रणालींत वापरतात.

वैशिष्ट्ये : इमारतीची दिशा, भिंती, छत, खिडक्या, वायुवीजन व वर्षाच्या ८,७६० तासांचे हवामान ही माहिती प्रणालीस पुरवितात, तीवरून प्रत्येक खोलीचे तासागणिक तापमान मिळते. उदाहरणार्थ, गोंदिया शहरालगतचे कुडवा सुमारे २१.५° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेअखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छतावर अधिक प्रारण पडते. कवेलूंचे छत, उघडा काँक्रीटचा स्लॅब आणि चुन्याचा पांढरा लेप दिलेला स्लॅब यांची तुलना बांधकामापूर्वीच करता येते (पहा : उष्णतारोधन).

महत्त्व : भारताच्या ‘इको निवास संहिता २०१८’नुसार थंड प्रदेश वगळता निवासी इमारतींच्या बाह्य कवचातून (छत वगळून) होणाऱ्या उष्णताप्रवेशाची मर्यादा दर चौ. मी.ला १५ वॉट आहे (पहा : ऊर्जासंवर्धन).