भरतीच्या कागदावरची कोरी जागा

मानसिक आजारामुळे फौजेतून घरी पाठवलेल्या बीडच्या जवानाला अपंगत्व पेन्शन नाकारली, तर तो सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागतो. वाद बहुतेकदा एका कोऱ्या जागेचा. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरायचं, उलट सिद्ध करणं सरकारचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग खटल्यात सांगितलं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, डिफॉल्ट जवानाच्या बाजूने. पण तो खटला फिट्सचा होता. २०१९ साली, स्किझोफ्रेनियाच्या खटल्यात, तेच न्यायालय म्हणालं की असा आजार भरतीच्या तपासणीत सापडतच नाही. नुसती कोरी जागा पुरेशी नाही. मला हे पटत नाही. मग पुरावा म्हणून उरतात पोस्टिंगचे, रजेचे, दवाखान्याचे कागद. आणि ते असतात फौजेच्याच कपाटात.