विषय आणि मार्गदर्शक : गॉटिंगेनची हकीगत

अभियंत्याने प्रबंध लिहावा काय, आणि लिहिलाच तर त्याला डॉक्टर म्हणावे काय, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत मोठ्या अटीतटीचा होऊन बसला होता. तेथील उच्च तंत्रविद्यालयांत पूल, इंजिने, यंत्रे ह्यांचे उत्तम शिक्षण मिळे. परंतु डॉक्टरेट देण्याचा अधिकार जुन्या विद्यापीठांचा, आणि तो वाटून घेण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. अखेर १८९९ साली कैसर दुसरा विल्हेल्म ह्याने प्रशियातील तंत्रविद्यालयांना तो अधिकार दिला. नव्या पदवीचे नाव मात्र लॅटिनमध्ये न ठेवता साध्या जर्मन भाषेत ठेवण्यात आले. पंगतीत पान मांडले खरे, पण जरा बाजूला!

बव्हेरियात ही सोय व्हायला आणखी दोन वर्षे लागली. त्यामुळे म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात शिकलेल्या लुडविग प्रांट्ल ह्या तरुणापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. त्याचे गुरू आउगुस्ट फॉप्ल हे यांत्रिकीचे नामांकित प्राध्यापक. त्यांच्याच प्रयोगशाळेत त्याने काम केले. पण पदवीसाठी त्याला शेजारच्या विद्यापीठाचा दरवाजा ठोठवावा लागला. १९०० सालच्या जानेवारीत ती पदवी त्याला मिळाली. शिकवले एकाने, शिक्का उठवला दुसऱ्याने.

त्याच्या प्रबंधाचा विषय कोणालाही घरी पडताळून पाहता येईल असा होता. शाळेतली लांब, पातळ पट्टी कडेवर उभी धरावी आणि तिच्या टोकावर भार द्यावा. काही वेळ ती मुकाट्याने भार सोसते. मग एकाएकी खाली वाकण्याऐवजी पीळ घेऊन बाजूला कलंडते. ही कलंडण्याची घटका नेमकी कोणत्या भाराला येते, हा प्रश्न. विषय लहान आणि सीमा स्पष्ट. गणित व प्रयोग एकमेकांची साक्ष काढू शकतील असा. पुढे १९०९ साली फॉप्ल ह्यांची कन्या गेरट्रूड हिच्याशी प्रांट्लचा विवाह झाला. मार्गदर्शकच सासरा व्हावा हा योग विरळा. त्याची शिफारस मी येथे करीत नाही.

पदवी हाती आल्यावर प्रांट्ल न्यूरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यात लागला. लाकडाचा भुसा आणि ढलप्या शोषून नेणारी नळ्यांची व्यवस्था तेथे नीट चालेना. रुंदावत जाणाऱ्या नळीत हवेचा दाब पुन्हा चढावा अशी अपेक्षा होती. तो चढत नव्हता. हवेचा प्रवाह नळीच्या भिंतीला धरून राहण्याऐवजी तिच्यापासून सुटत होता. तो का सुटतो, हा प्रश्न प्रांट्लच्या डोक्यात राहिला तो राहिलाच. कारखाना सोडून हानोव्हरला प्राध्यापक झाल्यावर, १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितपरिषदेत त्याने उत्तर मांडले : पृष्ठभागालगत द्रवाचा एक अतिशय पातळ थर असतो, घर्षणाचा सगळा कारभार त्या थरातच चालतो. ह्यालाच आज सीमास्तर म्हणतात. त्याच वर्षी गणिती फेलिक्स क्लाइन ह्यांनी त्याला गॉटिंगेनला बोलावले. हानोव्हरपेक्षा तेथील पद खालच्या दर्जाचे होते, तरी प्रांट्ल गेला. आता विषय देण्याची पाळी त्याची होती.

पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ब्लाझिउस ह्याला त्याने जवळजवळ भूमितीतल्या आकृतीइतका साधा प्रश्न दिला : प्रवाहाच्या दिशेने धरलेल्या एका पातळ सपाट पट्टीवर घर्षण किती होते? १९०७ साली ब्लाझिउसने ते गणित सोडवले, आणि आजही ह्या शास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभी तेच शिकवले जाते. स्वतः ब्लाझिउस काही वर्षांतच संशोधन सोडून हांबुर्गच्या अभियांत्रिकी शाळेत शिक्षक झाला आणि तेथेच त्याने हयात घालवली. काही ग्रंथकार ही गोष्ट हळहळत सांगतात. मी शिक्षक असल्यामुळे मला तीत हळहळण्याजोगे काही दिसत नाही.

आता ह्या हकीगतीतील खरा नाट्यमय भाग. कार्ल हीमेंत्स नावाच्या विद्यार्थ्याला प्रांट्लने सांगितले की, वाहत्या पाण्यात एक गोल दांडा आडवा धरून त्याच्याभोवतीचा दाब मोजावा आणि सीमास्तर पृष्ठभागापासून कोठे सुटतो ते सिद्धांताशी ताडून पाहावे. हीमेंत्सने पाण्याचा पाट बांधला, दांडा बसवला. परंतु दांड्यामागचे पाणी स्थिर राहीना. ते डावीउजवीकडे जोराने हेलकावे खाऊ लागले. त्याने गुरूंना कळवले. उत्तर आले : तुझा दांडा नेमका गोल नसेल. हीमेंत्सने दांडा पुन्हा काळजीपूर्वक घासून गोल केला. हेलकावे कायम. मग शंका निघाली की पाटच दोन्ही बाजूंनी सारखा नसावा. त्याने पाट सुधारला. हेलकावे कायम!

त्या वेळी थिओडोर फॉन कारमान हा हंगेरियन तरुण तेथेच प्रांट्लचा सहायक होता. त्याचा स्वतःचा १९०८ सालचा प्रबंध दाबाखाली खांब कसे वाकून मोडतात ह्या विषयावरचा. पाण्याच्या ह्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता. रोज सकाळी तो हीमेंत्सला विचारी, प्रवाह स्थिर झाला काय? आणि हीमेंत्स खिन्नपणे सांगे, नाही, हलतोच आहे. काही दिवसांनी कारमानच्या मनात आले की, जी गोष्ट इतक्या परीने घालवूनही जात नाही ती दोष नसून स्वभाव असेल. एका शनिवार-रविवारी त्याने गणित मांडले. दांड्यामागे भोवऱ्यांच्या दोन ओळी सुटतात. ते भोवरे समोरासमोर असतील तर रचना टिकत नाही. एक इकडे, एक तिकडे असे एकाआड एक असतील, आणि दोन ओळींमधले अंतर एकाच ओळीतल्या लगतच्या भोवऱ्यांमधील अंतराच्या सुमारे ०.२८ पट असेल, तरच ती टिकते. म्हणजे पाणी हलणारच. ते हलले नसते तरच नवल! त्याने कागद प्रांट्लला दाखवले, आणि प्रांट्लनेही हट्ट न धरता ते प्रसिद्ध करण्यास उत्तेजन दिले. १९११ सालापासून ही भोवऱ्यांची वाट कारमानच्या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील आंरी बेनार ह्यांनी असे भोवरे आधीच पाहिले होते व तसा हक्कही सांगितला. तेव्हा बर्लिन-लंडनमध्ये जिला कारमानचा रस्ता म्हणतात तिला पॅरिसमध्ये बेनारचा राजमार्ग म्हणावे, अशी तडजोड कारमानने विनोदाने सुचवली होती.

हीमेंत्सवर अन्याय झाला काय? हे कोडे मला अनेक दिवस सुटले नाही. महिनोन्‌महिने ते दृश्य पाहणारे डोळे त्याचे, पाट बांधणारे हात त्याचे. पण मार्गदर्शकाने विषयाची जी कुंपणे घालून दिली होती त्यांच्या आत त्याला पदवी मिळवायची होती, आणि कुंपणाबाहेर पाहण्याची मुभा ज्याची पदवी अडकलेली नव्हती त्यालाच होती. प्रांट्लची चूक म्हणायची तर एवढीच की, दांड्याचा गोलपणा तपासून झाल्यावरही त्याने शिष्याच्या नजरेपेक्षा आपल्या अपेक्षेवर अधिक विश्वास ठेवला. तरीही हीमेंत्स रिकाम्या हाताने परतला नाही. १९११ सालच्या त्याच्या प्रबंधात, प्रवाह दांड्याच्या पुढच्या बाजूवर जेथे सरळ येऊन आदळतो तेथील गणित त्याने अचूक सोडवले होते. त्या प्रवाहाला आजही हीमेंत्सचेच नाव आहे.

ह्याच गॉटिंगेनमध्ये आपल्या कोल्हापूर भागात १९०८ साली जन्मलेले विष्णू माधव घाटगे पोहोचले आणि १९३६ साली प्रांट्ल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टर झाले. बंगळूरच्या विमान कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली प्रथम उडाले.

दुसरी वाट अमेरिकेतून आली. कारमान १९३० साली कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. त्याच्या बोलावण्यावरून १९३९ साली हान्स लीपमान तेथे आला. आणि लीपमानच्या हाताखाली सतीश धवन ह्यांनी १९५१ साली डॉक्टरेट मिळवली. यांत्रिक अभियांत्रिकीबरोबर इंग्रजी वाङ्मयाची एम्. ए. पदवीही घेतलेल्या ह्या विद्यार्थ्याने विषय कोणता घ्यावा? पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा कापून वेगळा केलेला, तो नाजूक आधारावर मोकळा तोललेला, आणि त्याच्यावरून वाहणारी हवा त्याला किती ओढते ते थेट मोजणे. ब्लाझिउसने चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर जे घर्षण काढले होते त्याच्याशी धवन ह्यांनी आपली मोजमापे ताडून पाहिली. त्याच वर्षी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांच्याकडे आलेल्या रोद्दम नरसिंह ह्या तरुणाने सपाट पट्टीवरचा शांत प्रवाह खवळू लागतो तो टप्पा अभ्यासाला घेतला, आणि १९५७ साली त्यावरचे आपले काम प्रसिद्ध केले.