दूरध्वनिव्यवस्थेतील राखीव मार्ग : एका कल्पनेचा इतिहास

दूरध्वनीचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बेलचे १८७६ चे पेटंट, स्ट्रोजरचे स्वयंचलित केंद्र, १९५६ ची अटलांटिकपार दूरध्वनितार अशा पायऱ्यांनी तो पुढे सरकतो, आणि बिघाडांचा उल्लेख फार तर तळटीपेत येतो. परंतु व्यापारी कार्यालये आपल्या दूरध्वनिव्यवस्थेला जोडून जो राखीव ‘व्हॉइस गेटवे’ बसवितात, त्यामागील विचाराची घडण समजून घ्यावयाची तर शोधांपेक्षा अपघातांकडेच वळावे लागते. गेटवे हा एक प्रकारचा दुभाषी होय. कार्यालयातील संभाषण संगणकजालाच्या रीतीने लहान लहान पुडक्यांत वाहून नेले जाते. त्याचे सार्वजनिक दूरध्वनिजालाला समजेल असे रूपांतर तो करतो. मुख्य दुवा तुटल्यास संभाषणे दुसऱ्या वाटेने वळविता यावीत, म्हणून दुसरा गेटवे सिद्ध ठेवावयाचा. कल्पना सोपी आहे. कठीण प्रश्न एवढाच की, ही दुसरी वाट खरोखर दुसरी आहे काय?

२७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरील दूरध्वनिकेंद्राच्या तळघरात, जेथे शहरातील तारा इमारतीत शिरत, आग लागली. सुमारे १,७०,००० दूरध्वनी मुके झाले, आणि सेवा पूर्ववत होण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. जीर्णोद्धाराच्या वेगाबद्दल कंपनीचे कौतुक झाले व ते योग्यही होते. मात्र एवढ्या तारा एकाच तळघरातून का जात होत्या, या प्रश्नाकडे त्या कौतुकात जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले नाही.

त्याची किंमत शिकागोजवळील हिन्सडेल या उपनगराने दिली. ८ मे १९८८ हा रविवार अमेरिकेत मातृदिन म्हणून साजरा होत होता. इलिनॉय बेल कंपनीच्या तेथील केंद्रात सुटीमुळे कोणी नव्हते; धोक्याची सूचना उमटली ती दूर स्प्रिंगफील्ड येथील नियंत्रणकक्षात. केंद्रावर माणूस पोहोचला तेव्हा दूरध्वनी बंद पडले होते, आणि अग्निशामक दलाला निरोप एका वाटसरूकरवी धाडावा लागला. दूरध्वनिकेंद्राला लागलेल्या आगीची वर्दी दूरध्वनीने देता येऊ नये, यात या प्रसंगाचे सारे मर्म आले. सुमारे ३५,००० स्थानिक ग्राहकांची सेवा तुटली, ही झाली हानीची एक बाजू. हिन्सडेल हे आसपासच्या गावांच्या दूर अंतरावरील वाहतुकीचेही नाके होते. ओहेअर विमानतळाच्या नियंत्रणव्यवस्थेच्या तारादेखील तेथूनच जात. ज्यांचा त्या गावाशी काहीच संबंध नव्हता अशांचे व्यवहार अडले. केंद्र पुन्हा उभे राहण्यास सुमारे महिना लागला. त्यानंतरच्या दशकात वलयाकार तंतुमार्ग रूढ झाले. वलय एके ठिकाणी तुटले तर संभाषण उलट दिशेने, सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत वळविण्याची सोय त्यांत होती.

इमारत व तार यांपुरताच हा प्रश्न असता तर तो येथे सुटला असता. १५ जानेवारी १९९० रोजी ए. टी. अँड टी. कंपनीच्या जालात आग नव्हती, तारही तुटली नव्हती. न्यूयॉर्कमधील एका स्विचने किरकोळ दोषामुळे स्वतःला काही सेकंद बाजूस सारले आणि सावरल्यावर पूर्ववत काम सुरू केले. म्हणजे त्याने नेमून दिल्याप्रमाणेच केले. परंतु त्याच्याकडून शेजारच्या स्विचांकडे जे संदेश गेले ते हाताळताना एका नव्या आज्ञावलीतील चूक जागी झाली. तेही कोसळले, सावरले आणि आपापल्या शेजाऱ्यांना पाडू लागले. प्रत्येक स्विचमध्ये राखीव संगणक होता. त्यावरही तीच आज्ञावली असल्याने तोही त्याच ठेचेने पडला. ११४ स्विचांच्या जालात ही लाट सुमारे नऊ तास फिरत राहिली. एकाच साच्यातून काढलेल्या दोन यंत्रांना परस्परांचा पर्याय मानणे किती भ्रामक आहे, हे याहून स्वच्छपणे दाखविणारा प्रसंग या इतिहासात क्वचितच सापडेल.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कमधील १४० वेस्ट स्ट्रीट या दूरध्वनिइमारतीची मोठी हानी झाली, तेव्हा जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. अनेक वित्तसंस्थांनी सावधगिरी म्हणून निरनिराळ्या कंपन्यांकडून जोडण्या घेतल्या होत्या. त्या कंपन्यांच्या तारा मात्र कोठेतरी त्याच इमारतीतून जात होत्या. करार दोन होते. वाट एकच होती.

राखीव गेटवेची उभारणी या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिच्यातील क्षुल्लक वाटणाऱ्या अटींचा अर्थ उलगडतो. मध्यवर्ती संगणकाशी संपर्क तुटल्यास शाखेतील गेटवेने तेथील दूरध्वनियंत्रांची नोंदणी स्वतःकडे घ्यावी, बाहेर जाणारी संभाषणे स्थानिक तारेवर घालावी, आणि आपत्कालीन क्रमांक फिरविणाऱ्याचा ठावठिकाणा चुकीचा कळू नये, एवढे यंत्राकडून साधते. येणारी संभाषणे दुसऱ्या वाटेवर वळविण्याची तजवीज मात्र सेवा देणाऱ्या कंपनीकडे आधीच करून ठेवावी लागते. या कलमाचा विसर सर्वांत अधिक पडतो. विजेचा प्रश्न निराळाच आहे. जुन्या यंत्राला केंद्रातील ४८ व्होल्टच्या विद्युत्‌घटांतून तारेनेच वीज मिळे, म्हणून घरातील दिवे गेले तरी ते बोलत असे. नव्या व्यवस्थेत दोन्ही गेटवे एकाच कपाटात, एकाच विद्युत्‌पुरवठ्यावर ठेवले तर हिन्सडेलचीच लहान आवृत्ती निर्माण होते.

ज्या तांब्याच्या तारेवर असे राखीव गेटवे दीर्घकाळ विसंबून राहिले, तीच निवृत्त करण्याचे धोरण अनेक देशांनी स्वीकारले. ब्रिटनमध्ये जुने दूरध्वनिजाल बंद करण्यासाठी डिसेंबर २०२५ ही मुदत ठरली होती; २०२४ साली ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. त्यामागे व्यापारी कार्यालयांपेक्षा घरोघरच्या एकाकी वृद्धांची चिंता अधिक होती. संकटकाळी मदत मागण्यासाठी त्यांनी गळ्यात बाळगलेली लहानशी कळ त्याच जुन्या तारेवर चालत असे.