मडके, पिंप आणि सीलबंद बाटली

काही वर्षांपूर्वी कल्याणच्या वर्गात मी 'एकच प्याला' शिकवीत होते. सुधाकराची वकिलीची सनद, तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ, सिंधूची सोशिकता हे सर्व नेहमीच्या क्रमाने चालले असताना मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मॅडम, सुधाकर नेमके पितो काय?" वर्ग अर्थातच हसला. प्रश्न विचारणारा विद्यार्थी डहाणू तालुक्यातून आलेला, कल्याणला मामाकडे राहणारा. त्याच्या प्रश्नात थट्टा नव्हती. त्याच्या गावी ताडी होती. सकाळची ताडी, दुपारची ताडी आणि संध्याकाळची ताडी अशी तीन निरनिराळी पेये होती, आणि कोणती कुणी, कधी, कशाबरोबर प्यावी याविषयी घरातल्या म्हाताऱ्यांची ठाम मते होती. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात मात्र प्याला आहे, प्याल्याचा परिणाम आहे. प्याल्यातल्या वस्तूची गुणवत्ता हा विषयच नाही. शोकांतिकेला त्याची गरज नाही, हे मी त्याला सांगितले. ते खरेही आहे. पण घरी येताना लोकलमध्ये माझ्या मनात आले की गडकऱ्यांचेच कशाला, या जिल्ह्यातल्या दारूविषयीच्या दीडशे वर्षांच्या साऱ्या चर्चेत हा प्रश्न मला कुठे भेटला होता?

या प्रश्नाची दुसरी बाजू दूरच्या मुलखात सापडते. १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी एक चळवळ सुरू केली. तिची मागणी अशी की, गुत्त्यात मिळणारी बिअर पिंपातच पक्व झालेली असावी. त्या काळी इंग्लंडातल्या मोठ्या कंपन्या बिअर गाळून, तापवून, तिच्यातले किण्व मारून, वरून वायू भरून पाठवू लागल्या होत्या. अशी बिअर महिनोन्‌महिने टिकते आणि गुत्तेवाल्याला तोटी फिरवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. पिंपातली जुनी बिअर मात्र जिवंत असते. गुत्त्याच्या तळघरात आल्यावरही तिचे आंबणे चालू असते, गाळ खाली बसू द्यावा लागतो, तळघर अकरा ते तेरा अंशांवर राखावे लागते, आणि एकदा पिंप फोडले की तीनेक दिवसांत ते संपवावे लागते. थोडक्यात, तिचा दर्जा कारखान्यात निम्मा आणि विकणाऱ्याच्या हातात निम्मा ठरतो. पिणारे लोक दर्जासाठी संघटित झाले, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कारण आपल्याकडे पिणाऱ्याला एकतर पापी समजले गेले किंवा करदाता. तो ग्राहक आहे असे कुणी म्हटलेच नाही.

गंमत अशी की हीच पिंपातली बिअर एकेकाळी मुंबई बंदरात उतरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यातील पिंपे कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येत. कित्येक महिन्यांच्या प्रवासात ती आतल्या आत मुरत, आणि त्या मुरण्याची इकडच्या गोऱ्या पिणाऱ्यांना मोठी वाखाणणी होती. म्हणजे जिवंत पेय काय असते, ते वेळेवर कसे अवलंबून असते, हे इंग्रजाला कुणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. त्याने आपल्या भाषेत 'टॉडी' हा शब्दही इथल्या 'ताडी'वरूनच घेतला.

ठाणे जिल्ह्याचे जिवंत पेय ताडी हे होते. (जिल्हा म्हणजे जुना ठाणे जिल्हा, वसई, पालघर, डहाणू हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले.) ताडापासून ताडी, नारळापासून माडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी. बोलण्यात हे भेद पुष्कळदा पुसट होतात, पण झाडावर चढणाऱ्याला ते पक्के ठाऊक असतात. भंडारी हा समाज पिढ्यान्‌पिढ्या या कामातला. सकाळ-संध्याकाळ झाडावर चढायचे, फुलोऱ्याच्या टोकाची पातळ चकती कोयत्याने उतरवायची, खाली मडके बांधायचे. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसला तर हवेतले आणि मडक्यातले किण्व कामाला लागते. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, दुपारपर्यंत त्याला धार येते, दिवसाअखेर मद्याचे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर जाते, आणि त्यानंतर तो आंबटाकडे झुकू लागतो. दोन दिवसांत त्याचा शिरका होतो. वसईच्या ख्रिस्ती घरांत हाच रस फुग्यांचे पीठ फुगवण्यासाठी वापरला जाई आणि शिरका लोणच्याकालवणांत पडे. वारल्यांच्या चित्रांत ताडावर चढलेला माणूस वारंवार दिसतो, तो काही सजावट म्हणून नव्हे.

एवढ्या सविस्तर सांगण्याचे कारण असे की या पेयाचा दर्जा म्हणजे अंतर. झाड ते तोंड हे अंतर काही तासांचे असेल तर ताडी चांगली. ते वाढले की ताडी बिघडली. तिथे तळघर नाही, गाळणी नाही, सील नाही. पिणाऱ्याचा भरवसा उतरवणाऱ्या माणसावर, आणि तो माणूस बहुधा ओळखीचा.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने नेमके हे अंतर तोडले. या कायद्याकडे आपण दारूचा भाव वाढवणारा कायदा म्हणून पाहतो. तो तसा होताच. पण त्याची खरी अडचण मोजमापाची होती असे मला वाटते. मोहाची दारू भट्टीतून निघाली की तिची शक्ती यंत्राने मोजता येते, पिंपात बंद करता येते, तिच्यावर गॅलनमागे कर बसतो. ताडीची शक्ती सकाळी एक, दुपारी दुसरी. ती मोजायची कशी? सरकारने उत्तर काढले की ताडी मोजायचीच नाही, झाडे मोजायची. झाडागणिक कर, झाड उतरवायला परवाना, विकायला परवाना. भट्ट्या गावोगावच्या बंद करून उरणला एकवटल्या, विक्रीचे मक्ते लिलावाने गेले, आणि मक्तेदारांत पारशी व्यापाऱ्यांचा मोठा भाग होता. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्या-साठवण्यावरही बंधने आली. गरिबाच्या दुष्काळातल्या अन्नावर हा घाला होता. झाडपट्टी वाढली की ताडी महागते आणि माणूस उरणच्या करपात्र दारूकडे वळतो, हा हिशेब अधिकाऱ्यांना कळत नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. डेव्हिड हार्डीमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात ही प्रक्रिया तपशिलाने दाखवली आहे. ठाण्याची गोष्ट तिच्याहून फार वेगळी नाही. सौम्य, ताजे, नाशिवंत पेय मागे पडून तीव्र, टिकाऊ आणि मोजता येणारे पेय पुढे आले.

याविरुद्ध आपल्या सुधारकांनी आवाज उठवला, आणि तो उठवायलाच हवा होता. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लिहिले. १९०८ साली टिळकांनी पुण्यात दुकानांवरील निरोधनाला पाठिंबा दिला. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत सुरू झालेला देवीचा संचार दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींपर्यंत पोचला आणि तिथे त्याने दारू-ताडी सोडण्याचा आदेश दिला. ही माणसे ज्या मक्तेदाराच्या कर्जात बुडालेली होती, त्याच्याकडे पाठ फिरवण्याचा तो एक मार्ग होता. घरातल्या बाईच्या बाजूने पाहिले तर या सगळ्या चळवळींशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. सिंधू नाटकात जे भोगते ते डोंबिवलीच्या चाळींतही भोगले गेले आहे, आणि ताडी पिऊन आलेल्याचा हात हलका पडतो असे नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे: प्यावे की न प्यावे, आणि कर किती, या दोन प्रश्नांच्या गलबल्यात तिसरा प्रश्न हरवला.

१९४९ चा दारूबंदी कायदा १९५० साली मुंबई राज्यात पूर्णपणे लागू झाला. ताडी बेकायदा ठरली, नीरेला मात्र सरकारी आशीर्वाद मिळाला. उपनगरी स्थानकांवरची नीरेची दुकाने माझ्या पिढीने पाहिली आहेत. दरम्यान हातभट्टी फोफावली. साठोत्तरी काळात बंधने सैल झाली, १९७३ च्या सुमारास देशी दारूची दुकाने रीतसर सुरू झाली, आणि ताडी-माडीही लिलावाच्या मार्गाने परतली. पण परतली ती झाडाखाली नव्हे, दुकानात. 'परमिट रूम' हा आपल्या शहरांच्या पाट्यांवरचा शब्द त्याच दारूबंदीचे अवशेष वागवतो. त्या खोलीत बसायला कागदोपत्री आजही परवाना लागतो.

याच काळात ठाणे, कल्याण, डोंबिवली वाढत गेली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोचलेल्या रेल्वेने खाडीकाठच्या गावांचे हळूहळू शहर केले; झाडे गेली, वाड्या गेल्या, कारखाने आले. 'सरकारमान्य ताडी-माडी विक्री केंद्र' ही पाटी राहिली. झाड दूर, गिऱ्हाईक इथे. ताडी टेम्पोतून येते, आणि टेम्पोतही ती आंबतच असते. आंबटपणा झाकायला सॅकरिन, वाढवायला पाणी, आणि पाण्याने गेलेली धुंदी परत आणायला क्लोरल हायड्रेट. १८३२ साली लीबिगने प्रयोगशाळेत तयार केलेले, पुढे झोपेचे औषध म्हणून वापरले गेलेले हे रसायन ताडीच्या भेसळीत सापडते, हे छाप्यांच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्याची सवय जडते आणि मात्रा चुकली तर माणूस मरतो. नाक्यावरचा मजूर, हमाल, गटार उपसणारा माणूस हे पितो, कारण ते सगळ्यांत स्वस्त असते. बातमीत मात्र वाक्य येते की अमुक जण 'ताडी प्यायल्याने' दगावले. प्याल्यात ताडी किती होती, हे विचारण्याची रीत नाही.

त्याच रस्त्यावर जरा पुढे वातानुकूलित बारमध्ये बसणारा बिअरची बाटली हाताला लावून 'चिल्ड आहे ना' एवढेच पाहतो, आणि सीलबंद, तापवून निर्जीव केलेल्या पेयाबाबत तेवढे पुरेसेही असते. हल्ली जागेवर बिअर गाळणारी ठिकाणे निघाली आहेत. पुण्यात २००९ साली डूलालीने सुरुवात केली. तिथे ताज्या, न तापवलेल्या बिअरचे कौतुक चढ्या दराने होते. ताजेपणाची किंमत ज्याला परवडते त्याला तो मिळतो, यात नवल नाही. पण ताजे, सौम्य, जागेवर आंबलेले पेय ही या किनाऱ्यावरच्या गरिबाची जुनी मिळकत होती.

त्या विद्यार्थ्याचा आजा एकदा दवाखान्याच्या कामासाठी डोंबिवलीला आला होता. नातवाने नंतर मला सांगितलेला हा प्रसंग. म्हातारा एका केंद्रापाशी थांबला, पेला घेतला, नाकाशी नेला आणि तसाच ठेवून दिला. मग विकणाऱ्याला विचारले, "कधी उतरवली?"

"आज सकाळीच," तो म्हणाला, "सातला टेम्पो आला ना."